दोन थेंबांवरचा विश्वास

नातू लहान असताना पोलिओ रविवारी त्याला कडेवर घेऊन मी आमच्या गल्लीतल्या शाळेत जात असे. अंगणवाडीच्या ताई तोंडात दोन थेंब टाकायच्या, करंगळीवर शाईची खूण करायच्या आणि पुढच्या बाळाकडे वळायच्या. 'बाई, तुम्हाला खरे कुणी पाठवले?' असे त्यांना विचारावे, हे माझ्या कधी मनातही आले नाही.

सीमेपलीकडच्या आयांच्या मनात मात्र तो प्रश्न आला, आणि त्याला कारणही होते.

२००१ नंतर पाकिस्तान अमेरिकेच्या दहशतवादविरोधी लढ्यातला साथीदार झाला. एकीकडे ही दोस्ती, दुसरीकडे अतिरेक्यांच्या काही टोळ्यांना आसरा, असा दोन डगरींवर हात. त्याचे चटके २००८ मध्ये मुंबईने सोसले. पण खुद्द तिथल्या घराघरांत काय झाले, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

ओसामा बिन लादेन अबोटाबादेत लपला असावा, असा संशय सीआयएला आला. खात्री करण्यासाठी डॉ. शकील आफ्रिदी यांच्यामार्फत कावीळ 'ब'ची लसमोहीम योजली गेली. लस टोचण्याच्या निमित्ताने त्या घरातल्या मुलांच्या रक्ताचा नमुना मिळवायचा, हा बेत. २ मे २०११ रोजी लादेन मारला गेला आणि जुलैत हा बनाव उघडकीला आला.

लशीविषयी कुजबुज तिथे आधीही होतीच. आता तिला पुरावा मिळाला. २०१२ मध्ये वझिरिस्तानातल्या तालिबानी म्होरक्यांनी, ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओची लस बंद, असे फर्मान काढले. त्याच डिसेंबरात कराची आणि पेशावर भागात लस पाजणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बळी पडलेल्यांत बहुतेक बायका होत्या. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. त्या वर्षी पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण निघाले. सीआयए यापुढे लसमोहिमांचा आडोसा घेणार नाही, असे व्हाइट हाउसने कळवले, तेही त्याच वर्षी.

लादेनला शोधायला नको होते, असे कोण म्हणेल? पण त्या शोधाची किंमत ज्यांनी मोजली, त्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध होता?

आजही तिथल्या लसवाल्या ताई पोलिसांच्या पहाऱ्यात दारोदार फिरतात. आमच्या नातवाच्या बोटावरची शाई चार दिवसांत जायची. दाराआड उभ्या असलेल्या त्या आईच्या मनातला संशय जायला किती वर्षे लागतील?