क्लच सोडताच येणारा खट्

पहिला गिअर पडतो, क्लच सुटू लागतो आणि गाडी जागची हलण्याआधीच मागून 'खट्' असा आवाज येतो. वेग घेतल्यावर गाडी निमूट पळते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा खट्, पाय दाबला की आणखी एक. जुनी एमजीबी बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. तिच्यावर सुचवला जाणारा पहिला उपायही ठरलेला असतो: डिफरन्शल उतरवा. पुष्कळदा तो उपाय महागडा असतो आणि अनावश्यकही.

एमजीबी ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमधली स्पोर्ट्स कार. 1962 ते 1980 या काळात बंद टपाची जीटी धरून तिची संख्या पाच लाखांच्या वर गेली. 1798 सीसीचे इंजिन, बसकी बैठक आणि वेगळी चासी नसलेली, एकसंध कवचासारखी बॉडी असे तिचे रूप त्या काळाच्या मानाने नवे होते. मागचा भाग मात्र जुन्याच घडणीचा राहिला. दोन्ही चाकांना जोडणारा सलग, जड एक्सल, तो पेलणारे पाटे आणि लिव्हरचे डॅम्पर एवढाच तिथला संसार. आपल्याकडची ॲम्बेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमिअर पद्मिनी यांचाही मागचा एक्सल असाच पाट्यांवर बसवलेला. ॲम्बेसेडरचे 1489 सीसीचे इंजिन तर एमजीबीच्या इंजिनाच्याच बी-सिरीज घराण्यातले. त्यामुळे या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीबीखाली शिरल्यावर फारसे अनोळखी काही दिसणार नाही.

खट् का होतो, हे कळायला इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते ते पाहावे लागते. गिअरबॉक्समधून ती प्रोपेलर शाफ्टमध्ये येते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट असतात. पुढे पिनियन, क्राउन, डिफरन्शलमधले लहान गिअर, हाफ शाफ्ट, हब आणि शेवटी चाक. या प्रत्येक जोडावर थोडा प्ले असतो, आणि तो असायलाच हवा, नाहीतर दाते एकमेकांत अडकून तापतील. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ताकदीची दिशा उलटते. मग प्रत्येक जोड आपली मोकळी जागा ओलांडून दुसऱ्या बाजूला आदळतो. साठ वर्षांत जागोजागी थोडी थोडी झीज झाली, की ती सगळी मिळून एका दणक्यात ऐकू येते.

पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये आवाज मोठा का, याचे उत्तर आकड्यांत आहे. एमजीबीचा पहिला गिअर इंजिनाचा पीळ सुमारे साडेतीन पट करतो आणि क्राउन-पिनियनचे गुणोत्तर 3.909 आहे. म्हणजे चाकापाशी पोचेपर्यंत तो पीळ तेरा-चौदा पट झालेला असतो. हेच गुणोत्तर तपासणीतही उपयोगी पडते. गिअर न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक ओढून प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवला आणि तो 4 अंश हलला, तर चाकाच्या हिशेबात तो प्ले जेमतेम 1 अंशाचा असतो. टायरच्या परिघावर ते अंतर सुमारे 5 मिलिमीटर भरते. शाफ्टपाशी भयंकर वाटणारी ढिलाई चाकापाशी एवढीशीच असते, हे ठाऊक नसल्यामुळे चांगले एक्सलही उघडले जातात.

क्राउन-पिनियनची खराबी बहुधा वेगळ्याच सुरात बोलते. ठरावीक वेगाला घुमणारा, पाय दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा सूर लावणारा आवाज असेल, तर संशय तिकडे न्यावा. तुटक खट् हा मुख्यतः मोकळ्या जागेचा आवाज आहे.

म्हणून जाणता मिस्त्री आवाज कुठून येतो हे आधी विचारत नाही. एमजीबीच्या बॉडीचा पत्रा आवाज दूरवर वाहून नेतो आणि उजवीकडचा ठोका डावीकडे भासू शकतो. तो विचारतो, आवाज कधी येतो? पाय दाबता-सोडताना येत असेल, तर ताकदीच्या वाटेवरचे जोड पाहायचे. खड्ड्यांवर येत असेल आणि ॲक्सिलरेटरशी त्याचा संबंध नसेल, तर पाटे, डॅम्पर, बुश. वळणावर किंवा ब्रेक लावताना येत असेल, तर चाक आणि हब. चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढत जाणारी टकटक असेल, तर बेअरिंग किंवा चाकाची बैठक. एवढी विचारपूस झाली की निम्मे काम संपते.

त्याआधी डिकी मात्र रिकामी करावी. सुटा जॅक किंवा नीट न बांधलेले स्टेपनीचे चाक हुबेहूब एक्सलसारखे वाजते. सायलेन्सरचा पाइपही रबरी टांगणी सैल झाली की खालून ठोके देतो.

मग गाडी वर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही तिच्याखाली शिरू नये. भक्कम स्टँड लावायचे आणि पुढच्या चाकांना ओट द्यायची. पहिली तपासणी क्रॉसची. शाफ्ट आणि फ्लँज दोन हातांत धरून उलटसुलट पिळायचे. दोन्हींमध्ये नजरेला दिसेल एवढी हालचाल असेल, तर क्रॉस गेलेला आहे. फ्लँजचे चारही बोल्ट घट्ट आहेत ना, हेही तेव्हाच पाहून घ्यायचे. दोष इथेच सापडला, तर एक्सलला हात लावायचे कारणच उरत नाही.

तारांची चाके असलेल्या एमजीबीत आणखी एक गुन्हेगार असतो. असे चाक हबवरच्या दातेरी खाचांवर, म्हणजे स्प्लाइनवर बसते आणि मधल्या एकाच मोठ्या नटने आवळले जाते. डाव्या-उजव्या बाजूंच्या नटांचे आटे उलट असतात, कारण चालत्या गाडीत नट आपोआप आवळला जावा अशी ती रचना आहे. हब चुकून उलट बाजूंना बसवले, तर तीच रचना नट सैल करू लागते. तपासणी सोपी आहे. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने वर घेतलेले चाक पुढे-मागे हलवायचे. तारांमधून पाहताना ड्रम स्थिर आणि चाक हलते असे दिसले, की स्प्लाइन झिजली. चांगल्या दात्यांचा माथा सपाट असतो, झिजलेले दाते टोकदार होतात. अशा वेळी हब आणि चाक दोन्ही बदलावे लागतात, कारण झिजलेले जुने नव्यालाही लवकर खाते. हे काम टाळण्यात धोका आहे. दाते पूर्ण गेले, तर हब फिरते आणि चाक जागीच राहते. ब्रेकही त्या चाकाला धरू शकत नाही.

पाट्यांचा खट् जरा फसवा असतो. एमजीबीचा एक्सल जागेवर धरून ठेवायला पाट्यांशिवाय दुसरे काही नाही. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये रबरी पॅड असतात, आणि यू-बोल्ट सगळे आवळून धरतात. रबर दबले की यू-बोल्ट सैल पडतात आणि क्लच सोडताच अख्खा एक्सल किंचित सरकतो. आवाज थेट डिफरन्शलसारखा येतो. खूण शोधायची ती पॅडच्या कडेला: घासून चकाकलेला पत्रा किंवा लालसर गंजाची भुकटी. पाट्याच्या पुढच्या डोळ्याचा बुश, मागचे शॅकल आणि डॅम्परच्या दांडीची रबरे याच फेरीत पाहिली जातात. एक्सलला फार खाली लोंबू न देणारे रबरी पट्टे तुटले असतील, तर उंचवट्यावरून उतरताना धप् होतो.

एवढे सगळे निर्दोष निघाले, तर मग डिफरन्शल. सुरुवातीच्या उघड्या टपाच्या गाड्यांत बॅंजो घडणीचा एक्सल होता. जीटी 1965 मध्ये नळीच्या घडणीचा एक्सल घेऊन आली आणि पुढे उघड्या गाडीलाही तोच मिळाला. या दुसऱ्या एक्सलमध्ये लहान गिअरांच्या पाठीमागचे पातळ थ्रस्ट वॉशर झिजतात. गिअर मागे सरकतात, दात्यांमधली फट वाढते आणि खट् मोठा होतो. समाधानाची बाब अशी, की हे वॉशर बदलायला एक्सल गाडीखालून काढावा लागत नाही. मागचे झाकण उघडून, हाफ शाफ्ट बाहेर ओढून आणि मधली पिन काढून ते बदलता येतात. क्राउन-पिनियनच्या नाजूक जुळणीला धक्काही लागत नाही.

दुसऱ्या घडणीच्या स्पोर्ट्स कारमध्ये यादी बदलते, विचारपूस तीच राहते. 1961 च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मागची दोन्ही चाके स्वतंत्र आहेत. तिथे हाफ शाफ्ट ताकद पोचवतातच, शिवाय चाकाला वरून धरणाऱ्या दांडीचेही काम करतात. त्यामुळे त्यांचा क्रॉस झिजला तर खट् येतो आणि चाकाचा तोलही ढळतो. हा सगळा डोलारा रबरी माउंटिंगवर टांगलेला आहे. ती फाटली की अख्खी चौकट हलून ठोका देते.

एमजीबीचे सुटे भाग आजही मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर 1988 पासून तिच्या नव्याकोऱ्या बॉडीही बनवल्या. त्यामुळे दोष नेमका सापडला, तर दुरुस्ती शक्य असते. थांबायचे कुठे, हेही आधी ठरवावे लागते, कारण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीतही थोडा प्ले होताच. क्रॉस, स्प्लाइन, पॅड आणि वॉशर ठीक झाल्यावर उरलेली हलकीशी टक् या घडणीचाच भाग समजावी. नवे पॅड घातलेल्या गाडीचे यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, कारण नवे रबर तोवर दबून बसलेले असते.