नागली-वरईची तपासणी: निकाल देणारी संस्था स्वतंत्र का हवी?

जव्हार-मोखाड्यात पूर्वी घरच्या कणगीत जाणारी नागली आणि वरई आता बचतगट व शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत पाकिटातून शहरात जाऊ लागली आहे. पाकीट आले की तपासणी आली. समजा, तुमच्या गटाने वीस पोती नागली दिली आणि चार दिवसांनी खरेदीदाराचा फोन आला: "मालात बुरशीचे विष निघाले, परत घेऊन जा." तपासणी त्याची, प्रयोगशाळा त्याने निवडलेली आणि तोट्याची पोती मात्र तुमच्या दारात. अशा वेळी खरे-खोटे कोण सांगणार? त्यासाठीच खरेदी-विक्रीत वाटा नसलेली शास्त्रीय संस्था लागते.

मर्यादा कशी ठरते?

कीडनाशकाची अवशेष मर्यादा अंदाजाने ठरत नाही. आधी प्राण्यांवरील चाचण्यांत कोणत्या मात्रेपर्यंत अपाय होत नाही ते पाहतात. ती मात्रा साधारणपणे शंभराने भागून माणसाने रोज किती खाल्ले तर चालेल हे काढतात. मग शिफारशीप्रमाणे फवारणी केलेल्या पिकात किती अंश उरतो आणि लोक ते पीक रोज किती खातात, याचा मेळ घालतात. ज्या रसायनाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा नाही, तिथे साधारणपणे किलोला ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा धरला जातो. म्हणजे १०० टन धान्यात फक्त १ ग्रॅम.

आपल्याकडे कीडनाशकांची नोंदणी कृषी मंत्रालयाकडील केंद्रीय नोंदणी समिती करते. अन्नातील मर्यादा मात्र आरोग्य मंत्रालयाखालील एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, ठरवते. २००६ च्या कायद्यानुसार त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांच्या शास्त्रीय समित्या आहेत. राज्यात नियम राबवण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाचे. युरोपातही २००२ पासून शास्त्रीय मत देणारी संस्था वेगळी आणि निर्णय घेणारे वेगळे आहेत.

हे वेगळेपण नुसते कागदावर असून भागत नाही. एफएसएसएआयच्या समित्यांत उद्योगांशी संबंधित लोक आहेत, यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले आणि समित्यांची फेररचना करावी लागली.

द्राक्षांचा धडा

आपल्या भागातून अनेक जण हंगामात नाशिककडे द्राक्षबागेत कामाला जातात. त्या बागांनी २०१० मध्ये मोठा फटका सोसला. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतले सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त सापडले. तिकडे ते तपासले जात होते, आपल्या निर्यात तपासणीच्या यादीत ते नव्हते. माल अडकला आणि नुकसान बागायतदारांच्या अंगावर आले. त्यानंतर ते यादीत आले. तपासायच्या रसायनांची यादी वेळेवर सुधारली नाही, तर किंमत शेतकरी मोजतो.

मॅगीचा धडा

२०१५ मध्ये शिसे जास्त असल्याच्या कारणावरून मॅगीवर बंदी आली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना त्या तपासणीसाठी आवश्यक मान्यता नव्हती आणि कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती, असे न्यायालयाने म्हटले. मोहाली, जयपूर आणि हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, तेव्हा शिसे मर्यादेत आढळले. मोठ्या कंपनीला जो नियम लागू झाला, तोच तुमच्या वीस पोत्यांनाही लागू आहे: शासकीय कारवाईत मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेच्या कागदावर माल बाद ठरत नाही.

नागली-वरईसाठी काय लागू?

- १ सप्टेंबर २०२३ पासून एफएसएसएआयने १५ भरडधान्यांसाठी एकत्रित मानक लागू केले. त्यात नागली व वरई दोन्ही आहेत. ओलावा १३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.
- तृणधान्यात बुरशीच्या विषाची, म्हणजे ॲफ्लाटॉक्सिनची, मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. भाजून किंवा शिजवून हे विष पूर्णपणे जात नाही. उपाय एकच: बुरशी येऊच द्यायची नाही.
- शेतावर पिकवलेल्या मालाच्या बाबतीत शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही. पण गट पीठ, पापड किंवा सत्त्व करून विकतो तेव्हा नोंदणी लागते.

तुमच्या हातात काय आहे?

१. कापणीनंतर कणसे ओली असताना ढीग लावू नका. ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा आणि ओलावामापक यंत्रावर खात्री करूनच पोती भरा. यंत्र गटाने मिळून घेतले तर परवडते.

२. खताची किंवा औषधाची रिकामी पोती धान्यासाठी वापरू नका. फवारणी न केलेल्या धान्यातही अवशेष अशा पोत्यांतून येऊ शकतात.

३. माल देताना खरेदीदारासमोर नमुना काढा. बऱ्याच पोत्यांतून वरचे, मधले आणि तळाचे धान्य घेऊन एकत्र मिसळा, त्याचे भाग करा, दोघांच्या सहीने सीलबंद करा. एक भाग स्वतःकडे कोरड्या जागी ठेवा.

४. माल नाकारला तर तोंडी निकाल मान्य करू नका. लेखी अहवाल मागा. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का आणि नेमकी तीच तपासणी त्या मान्यतेत बसते का, हे पाहा.

५. शासकीय अधिकाऱ्याने गटाच्या मालाचा नमुना घेतल्यास त्याचे चार भाग होतात. त्यातील एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी गट करू शकतो. अहवाल मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते.

कृषी सहायकांनी गटाच्या बैठकीत नमुना काढण्याचे प्रात्यक्षिक एकदा तरी करून दाखवावे. तपासणी म्हणजे संकट, अशी भीती अनेकांच्या मनात असते. पण स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल खराब माल पकडतो, तसाच चांगला माल कोणी खोट्या कारणाने पाडत असेल तर तुमच्या बाजूने साक्षही देतो. ती साक्ष हवी असेल, तर सीलबंद नमुना माल गाडीत चढण्याआधीच काढून ठेवा.