वेबसाईट नव्या होस्टिंगवर नेताय? आधी ईमेल सांभाळा!

आमच्या माळेगाव बुद्रुकमध्ये एका मित्राचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. त्याची वेबसाईट फार स्लो झाली होती, म्हणून मी ती एका रात्रीत नव्या होस्टिंगवर हलवली. सकाळी साईट झकास उघडली. आम्ही चहा घेतला, विषय संपला.

तीन दिवसांनी एका गिऱ्हाईकाचा फोन आला, "अहो, कोटेशन मागितलं होतं, तर मेल परत आला!" जुलै महिना, आडसाली उसाच्या लागवडीचे दिवस, आणि दुकानाचा इनबॉक्स तीन दिवस कोरा. चूक माझीच होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा लेख.

नाव एक, पत्ते दोन

डोमेनचं नाव घेतलं की कुठे जायचं, हे डीएनएस सांगतं. ही पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिला एक नोंदवही समजा. त्यातली 'ए' नोंद वेबसाईटचा सर्व्हर सांगते, तर 'एमएक्स' नोंद ईमेल कुठे टाकायचा ते सांगते. म्हणूनच साईट एका कंपनीकडे आणि मेल गुगल किंवा झोहोकडे, असं आरामात चालतं.

माझं कुठे चुकलं?

मी नेमसर्व्हर बदलले. म्हणजे एक ओळ बदलायच्या ऐवजी अख्खी वहीच बदलली! नव्या वहीत एमएक्सची नोंदही नव्या सर्व्हरकडे होती, आणि तिथे दुकानाचा मेलबॉक्सच नव्हता.

गंमत बघा. सर्व्हर नुसता बंद असता, तर मेल पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. पण इथे चुकीचा सर्व्हर चालू होता. त्याने '५५०' हा कोड देऊन "असं कोणी इथे राहत नाही" म्हणून सांगितलं, आणि मेल लगेच परत गेला. बंद दारापेक्षा चुकीचं दार जास्त वाईट.

मग करायचं कसं?

१. नोंदी उतरवून घ्या. ए, एमएक्स आणि टीएक्सटी, सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढा. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये गुगल अ‍ॅडमिन टूलबॉक्सचं 'डिग' उघडलं तरी नोंदी दिसतात.

२. टीटीएल कमी करा. जुनी नोंद इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायची, तो हा आकडा. ८६४०० म्हणजे पूर्ण एक दिवस. हलवण्याच्या आदल्या दिवशीच तो ३०० करा, म्हणजे पाच मिनिटं.

३. एमएक्स नीट वाचा. त्यात नुसतं तुमच्या डोमेनचंच नाव असेल, तर 'ए' बदलताच मेलही सोबत जाईल. आधी 'मेल' नावाचं सबडोमेन करून ते जुन्या सर्व्हरकडे वळवा आणि एमएक्समध्ये तेच नाव टाका.

४. फक्त 'ए' नोंद बदला. साईट कॉपी करून तपासली की एवढंच पुरे. नेमसर्व्हरला हात लावू नका. बदलावेच लागले, तर नव्या वहीत सगळ्या नोंदी आधी भरा, मग बदला.

५. सीपॅनेल असेल तर नव्या होस्टिंगवर ईमेल राउटिंग 'रिमोट' ठेवा. नाहीतर साईटच्या फॉर्ममधून आलेले मेल तो सर्व्हर स्वतःकडेच शोधत बसतो.

६. एसपीएफ बघा. साईटवरून मेल जात असतील, तर या टीएक्सटी नोंदीत नव्या सर्व्हरचा आयपी टाका. नाहीतर मेल स्पॅममध्ये जायची भीती.

शेवटी जीमेलवरून एक मेल पाठवा, त्याला उत्तर द्या आणि साईटवरचा फॉर्मही भरून बघा. साईट उघडली म्हणजे काम झालं, असं समजू नका.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका

मेलबॉक्स जुन्या होस्टिंगवरच असतील, तर ते बंद केल्यावर जुने मेलही जातील. आधी आयमॅपने सगळे मेल नव्या जागी कॉपी करा, मग एमएक्स बदला. नेमसर्व्हर जुन्या होस्टिंगचे असतील, तर नोंदवहीही तिथेच आहे, हे विसरू नका.

आम्ही एमएक्स दुरुस्त केल्यावर मेल पुन्हा सुरू झाले. पण परत गेलेले मेल कुणाचे होते, हे कळायला मार्गच नव्हता. मित्राने ओळखीच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावले. अनोळखी होते ते गेले ते गेलेच. तेव्हा पहिला स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा!