चार तासांनंतरची भेंडी

दुपारी एकच्या सुमाराला फोर्टातल्या ऑफिसात आम्ही चौघी डबे उघडतो, तेव्हा भेंडी कोरडी असते आणि भात मोकळा. यात सांगण्यासारखं काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी सकाळी भरलेली भेंडी दुपारी खाल्लेली नसावी. दुपारपर्यंत तिचा लगदा होतो, फोडींना तार सुटते, भाताची वडी पडते. आमच्या डब्यात असं होत नाही. डबा डोंबिवलीच्या काकूंकडून येतो. पावणेनऊला घरातून निघतो, डबेवाल्यांबरोबर लोकलने येतो आणि पाऊण वाजता टेबलावर असतो. मधले चार तास अन्न बंद झाकणाखाली असतं, गर्दीच्या डब्यात, उन्हात, हातगाडीवर. तरी भेंडी कोरडी. हे कसं साधतं ते बघायला मी डोंबिवलीला गेले, आणि नंतर जातच राहिले.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघर इतकं लहान की दोन माणसं आणि एक परात असली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. मी दारातच उभी असायची. फ्रिजवर अन्न सुरक्षा कायद्याखालच्या नोंदणीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेला आहे, त्याखाली महिन्याचा हिशोब. रोजचे 32 डबे. पोळ्यांना सहा वाजता मावशी येतात. बाकी सगळं काकूंच्या एकटीच्या हातचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक वाक्य सांगितलं. "माझा स्वयंपाक ताटातला नाही हो, चार तासांनंतरचा आहे." पुढे मी जे जे विचारलं त्याचं उत्तर या चार तासांपाशीच येऊन थांबायचं. कांदा का नाही? चार तासांत पाणी सोडतो. ओलं खोबरं का नाही? चार तासांत वास येतो. कोथिंबीर वरून का नाही पेरत? चार तासांत काळी पडते.

मंगळवारी भेंडी असते, आणि भेंडीचं काम सोमवारी संध्याकाळीच सुरू होतं. दोन-सव्वादोन किलो भेंडी काकू स्वतः निवडून आणतात. भाजीवाला ओरडला तरी चार-दोन भेंड्यांचे शेंडे मोडून बघतातच. कट्कन मोडला तर कोवळी, वाकून लोंबला तर जून. जून भेंडी शिजवून मऊ होत नाही, तिच्या शिरा दातात येतात. झाडावर ती फार लवकर जून होते, म्हणून शेतकऱ्याला दिवसाआड तोडा करावा लागतो. एक तोडा चुकला की तो माल गेला. हिवाळा-उन्हाळ्यात डोंबिवलीत येणारी बरीच भेंडी मुरबाड-शहापूरकडची असते. तिकडे पावसाळी भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत भेंडी लावतात, तिच्यातली काही परदेशातही जाते. म्हणजे एका डब्यातले भात आणि भाजी एकाच खाचरातले असू शकतात. ही भेंडी बायका भल्या सकाळी तोडतात. झाडाच्या आणि शेंगांच्या बारीक लवेने हात खाजतात, म्हणून कुणी हातमोजे घालतं, कुणी जुने पायमोजे हातात चढवतं. बाजारात भेंडीचा भाव विचारताना हे हात आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

पिवळट शिरांची भेंडी काकू घेत नाहीत. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा तो विषाणूजन्य रोग आहे, पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडतात आणि मग शेंगाही. त्याला दाद न देणारं परभणी क्रांती हे वाण मराठवाडा कृषी विद्यापीठाने 1980च्या दशकात काढलं, तेव्हा अनेक शेतकऱ्यांचं पीक वाचलं. काकूंना वाणाचं नाव ठाऊक नाही. "पिवळी भेंडी कितीही परता, चव नाही," एवढंच त्या म्हणतात.

रात्री नवाच्या सुमाराला भेंडी धुतली जाते. मग हॉलमध्ये जुनी सुती साडी पसरून तिच्यावर एकेक भेंडी वेगळी ठेवायची आणि पंखा लावायचा. टीव्ही बघता बघता काकू एकेक उचलून पंच्याने पुसतात. दोन किलोत भेंड्या किती असतात, हे कुणी पुसायला बसलं तरच कळेल. शेजारची मुलगी एकदा सहज म्हणाली, काकू, पंख्याखाली वाळतायत की, पुसता कशाला? काकूंनी तिला देठाजवळची खाच दाखवली. तिथे पाण्याचा एक थेंब अजून बसलेला होता.

थेंबाचा एवढा धाक का, याला कारण आहे. भेंडी जास्वंद, अंबाडी आणि कापसाच्या कुळातली. जास्वंदीचं पान चुरडलं की जो बुळबुळीतपणा हाताला लागतो, तोच हिच्या पोटात असतो. शर्करेच्या लांबलचक साखळ्या आहेत त्या. पाणी मिळालं की फुगतात, विरघळतात, तार धरतात. पाणी मिळालं नाही की जागच्या जागी सुकून जातात. आंबटामुळेही तार ढिली पडते. म्हणून आपल्याकडे काचऱ्यांत आमसूल घालतात, कुठे लिंबू पिळतात, कुठे चिंचेचा कोळ. काकू आमसुलंच घेतात, कारण ती आंबटपणा देतात पण सोबत पाणी आणत नाहीत.

सकाळी पाचला काकू काचऱ्या चिरायला बसतात. विळी कोरडी, पाट कोरडा, हात कोरडे. मध्येच दूध उतू गेलं तर ते उतरवायला काकू मला हाक मारतात, स्वतः उठत नाहीत.

ज्यासाठी मी पुन्हा पुन्हा गेले ते पुढचं आहे. मोठी लोखंडी कढई घरात आहे, दोन किलो भेंडी तिच्यात एकदम मावते. तरी काकू चार घाणे करतात. कढई भरून टाकली की खालच्या फोडींची वाफ वरच्या फोडींना लागते, भाजी परतली न जाता वाफवली जाते आणि संपली. तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरचीचे तुकडे, मग भेंडी आणि आमसुलं. झाकण नाही, मीठही नाही. मीठ आधी पडलं की फोडी पाणी सोडतात. सुरुवातीला कढई मोठ्याने चरचरते आणि उलथनं उचललं की फोडींमधून कोळिष्टकासारख्या पांढुरक्या तारा निघतात. ज्यांचा हात नवा आहे ते इथे घाबरतात. भराभर ढवळतात, पाण्याचा हबका मारतात किंवा झाकण घालून निघून जातात. काकू काहीच करत नाहीत. उलथनं बाजूला ठेवून नुसत्या उभ्या राहतात. मग एकदा तळातून उलटतात, पुन्हा उभ्या राहतात. सात-आठ मिनिटांत आवाज खाली येतो, चरचर जाऊन कोरडी, हलकी कुरकुर उरते, फोडींच्या कडा तपकिरी होतात. उलथनं उचलावं तर एकही तार नाही. "तुटल्या तारा," म्हणून त्या गॅस मोठा करतात आणि आता मीठ, दाण्याचं जाडसर कूट, चिमूटभर साखर. असं चार वेळा. सकाळी सहा ते पावणेसात. बाहेर अंधारातून उजाडत असतं आणि पोळ्यांच्या मावशींचं लाटणं मागे चालू असतं. कढईच्या आवाजावरून काकू चार मिनिटं, सहा मिनिटं ओळखतात, घड्याळाकडे बघत नाहीत. ही विद्या कुठल्या प्रमाणपत्रात बसत नाही, पण तिला विद्या म्हणायला मला कसलाही संकोच वाटत नाही. किती तरी बायकांनी ती अशीच, कुणी न शिकवता, कढईपाशी उभं राहून मिळवलेली आहे.

भाताला वरण-आमटी वेगळी जाते, त्यामुळे भात कोरडाच हवा. काकू डब्याला जुना कोलम वापरतात. तांदळाच्या पिठीत अमायलोज नावाचा घटक जितका जास्त तितकी शितं सुटी राहतात, कमी असला की भात चिकट होतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो, हे घराघरांत माहीत आहेच. मोठ्या पातेल्यात आधण ठेवायचं, धुऊन निथळलेला तांदूळ सोडायचा, एक चमचा तेल, लिंबाचे चार थेंब. कणी मोडली की वरचं पाणी ओतून काढायचं. त्या पाण्यात मीठ घालून काकू आणि मावशी उभ्या उभ्या पितात, तेवढीच त्यांची न्याहारी. मग भात दोन परातींत पसरून पंख्याखाली.

गरम भात डब्यात भरला तर खाणाऱ्याला तो ऊनऊन मिळेल, असं मला वाटायचं. काकूंचं म्हणणं उलट. वाफ झाकणाला लागून परत भातावर गळते आणि भात आंबूस होतो. अन्नशास्त्रही हेच सांगतं. कच्च्या तांदळात असणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात एक तर चांगला गरम राखावा किंवा लवकर निववावा. मधल्या कोमटपणात तो फार वेळ ठेवू नये. परातीत पातळ पसरून, पंख्याखाली निववून काकू नेमकं हेच करतात.

साडेआठला 32 डबे ओट्यावर, जमिनीवर, खुर्चीवर उघडे मांडलेले असतात. भरून झाले तरी झाकणं लागत नाहीत. पावणेनऊला पाच मिनिटं कमी असताना काकू एकेक झाकण घालतात, क्षणभर थांबतात, परत उचलून आतून बोट फिरवतात. बोट ओलं झालं तर झाकण पुसून डबा आणखी थोडा उघडा. बोट कोरडं तर कडी लागली. बत्तीसच्या बत्तीस डब्यांना हे असंच.

डबेवाले दादा जिन्यातूनच "ताई, झालं का?" म्हणून विचारतात. मुंबईचे बहुतेक डबेवाले मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशी या भागांतले. हे दादा मावळातले, आणि काकूंचं माहेरही मावळातलं. नाताळाच्या सुमाराला दादा त्यांना घरच्या इंद्रायणीची एक पिशवी आणून देतात. इंद्रायणीचं वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली आलं, आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. तिच्यात आंबेमोहोराचा वास आहे आणि चिकटपणाही आहे. डब्यासाठी ती चालत नाही.

इंद्रायणी काकू स्वतःसाठी ठेवतात. साडेअकराला, भांडी आवरून झाल्यावर, एका माणसाचा आसट भात शिजतो आणि बाजूला ताकातली भेंडी. इथे सगळं उलटं. आंबट ताकाला थोडं बेसन, भेंडीचे बोटभर तुकडे, वरून लसणीची फोडणी. तार सुटली तरी चालते, थोडी सुटायलाच हवी, तिनेच ताक दाट होतं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर भेंडी अमेरिकेत पोचली, आणि लुइझियानात गंबो नावाच्या रश्शाला दाटपणा यायला ती घालतात. तोही भाताबरोबरच खातात. मी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग ते लोक भेंडी आधी परततात का?" परततात, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. मऊ इंद्रायणीत ती भेंडी कालवून जेवताना त्या घाईत नसतात. सकाळपासून त्या पहिल्यांदाच निवांत बसलेल्या असतात.

आणि तरी या कामाला लोक 'घरबसल्या चार पैसे' म्हणतात. मला ते ऐकवत नाही. पाच ते नऊ या चार तासांत काकू बसतात ती फक्त विळीवर. पावसाळ्यात भेंडी, मिरची, सगळंच महागतं, पण डब्याचा दर महिन्याच्या मध्ये वाढवता येत नाही. पदार्थ बदलला तर "भेंडी का नाही?" म्हणून फोन येतो. फ्रिजवरच्या हिशोबात काही नावांपुढे मागच्या महिन्याचीही बाकी असते. मागायला काकूंना जड जातं, आणि देणाऱ्याला ते लक्षात राहत नाही. बाहेरच्या हॉटेलात ताटाचे पैसे कुणी महिनाभर थकवत नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणांचं दुपारचं जेवण अशा एखाद्या काकूंकडून येतं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी तरी आपण करू शकतो. डब्याचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावेत, मागायला लावू नये. आणि उद्या डबा नको असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच कळवावं. रात्री नऊनंतर कळवून उपयोग नाही, तोवर भेंडी धुऊन झालेली असते.