दम्याशी संसार (लेखांक 6) : खीर, प्राणायाम आणि कोलार रोडची धूळ

कोजागिरी तोंडावर आली की भोपाळच्या मराठी घरांत मसाला दुधाच्या जोडीला दम्याच्या खिरीचा विषय निघतोच. चित्रकूटला त्या रात्री दमेकऱ्यांची रीघ लागते. चांदण्यात ठेवलेल्या खिरीत वनस्पतीचं चूर्ण कालवून देतात. महाराष्ट्रातही कितीतरी गावांत कोजागिरीचं औषध दुधातून मिळतं. जूनमध्ये मृग लागताना हैदराबादला बथिनी कुटुंबाचा मत्स्यप्रसाद असतो. तिथे जिवंत मरळीच्या तोंडात पिवळा लगदा भरून तो मासा सबंध गिळायचा असतो. आमच्या कोलार रोडवरून दोन्हीकडे जाऊन आलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांतली काही शपथेवर सांगतात की गुण आला.

त्यांची चेष्टा करायची माझी तयारी नाही. रात्र रात्र उशाला टेकून बसून काढलेल्या माणसाला कोणी मासा गिळ म्हटलं तर तो गिळणारच. पण दमा हा चढउताराचा आजार आहे, आणि माणूस नवा उपाय शोधायला निघतो तो चढाच्या दिवसांत. त्यानंतर उतार बहुधा येतोच. तेवढ्यात खीर खाल्लेली असली की श्रेय खिरीच्या खात्यावर जमा होतं.

या संदर्भात एक प्रयोग प्रत्येक दमेकऱ्याच्या घरात ठाऊक असायला हवा. 2011 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांना आळीपाळीने चार गोष्टी मिळाल्या : साल्ब्युटामॉलचा खरा पंप, औषधच नसलेला पंप, अॅक्युपंक्चरचं निव्वळ सोंग, आणि एका खेपेला काहीच नाही. दर वेळी एका सेकंदात किती हवा बाहेर फुंकता येते ते मोजलं. खऱ्या पंपाने ती 20 टक्के वाढली. उरलेल्या तिन्हींत वाढ सारखीच, सुमारे 7 टक्के. मग रुग्णांना विचारलं, किती बरं वाटलं? खऱ्या पंपाला 50 टक्के, रिकाम्या पंपाला 45, खोट्या सुयांना 46. काहीच न देता नुसतं बसवलं तेव्हा मात्र 21.

रिकाम्या पंपाने त्या माणसांना खरोखर बरं वाटलं होतं. कोणी खोटं बोलत नव्हतं. श्वासनळ्या मात्र आवळलेल्याच होत्या. दम्याची मेख इथे आहे. डोकेदुखीत बरं वाटलं की काम झालं. दम्यात बरं वाटत असताना आतली सूज वाढत राहू शकते, आणि एका थंडीच्या रात्री ती हिशेब मागते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात असा जागतिक रोगभाराचा अंदाज सांगतो. या तफावतीमागे निदानाला होणारा उशीर आहे, आणि सूज कमी करणारा रोजचा पंप मध्येच सोडून देण्याची सवयही आहे.

म्हणून औषधांपलीकडच्या उपायांकडे वळण्याआधी एक वस्तू घरात आणा : पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची साधी नळी आणि तिच्यावर सरकणारा काटा. सकाळ-संध्याकाळ उभं राहून जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. तब्येत उत्तम असतानाचा आकडा हा तुमचा स्वतःचा मापदंड. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर असलात तर ठीक. 80 ते 50 च्या मध्ये आलात तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला वाढीव डोस. 50 च्या खाली गेलात तर थेट दवाखाना. काढा घ्या, योग करा, खीर खा, पण वही चालू ठेवा. काय उपयोगी पडलं ते महिन्याभरात वहीच सांगेल.

योगाची बाजू खिरीपेक्षा बरीच भक्कम आहे, आणि तिचा पुरावा आपल्याच देशात तयार झाला. बंगळूरूच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी 1985 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 53 दमेकऱ्यांचा अभ्यास मांडला, तुलनेला वय आणि आजाराची तीव्रता पाहून निवडलेले तेवढेच रुग्ण होते. रोज 65 मिनिटं योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषधं उतरली, फुंकरीचा आकडा वाढला. मग 1990 मध्ये जयपूरचे डॉ. वीरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आणखी नेमका प्रयोग छापला. सौम्य दम्याच्या 18 जणांना त्यांनी एक उपकरण दिलं. त्यातून श्वास घ्यायला जितका वेळ लागे त्याच्या दुप्पट सोडायला लागे, म्हणजे प्राणायामाचं प्रमाण यंत्राने पाळलं जाई. सोबत हुबेहूब दिसणारं, पण असा अडसर नसलेलं खोटं उपकरणही होतं. खऱ्या उपकरणाच्या सरावानंतर या लोकांच्या नळ्या आवळायला हिस्टामिनची मात्रा जास्त लागू लागली. चिडखोरपणा थोडा कमी झाला होता. उपकरणाला नाव दिलं पिंक सिटी लंग एक्सरसायझर. जयपूरकरांना एवढा अभिमान शोभतो.

2016 साली वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात योगाचे 15 प्रयोग आणि 1,048 रुग्ण एकत्र तपासले गेले. जगणं आणि लक्षणं थोडी सुधारतात, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता आलं. औषधं कमी होतात की नाही, यावर पुरावा तोकडा पडला. म्हणजे योग ही चांगली जोड आहे. पंपाची जागा तो घेत नाही. सकाळी बागेत शिकवतात त्यातलं सावकाश नाकाने घेणं आणि लांबवून सोडणं उचला. छातीत घरघर चालू असताना कपालभाती किंवा भस्त्रिका करू नका, सांगणारा कितीही अधिकारवाणीने सांगो. त्या वेगाने आवळलेल्या नळ्या आणखी चिडतात.

उपचारपद्धतींची सांगड घालायची तर दूर जायला नको. आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बैरसिया रोडच्या बाजूला, संभावना क्लिनिक आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला तेव्हा कोलार रोडवर बहुतेक शेतं आणि खेडी होती. वायूचा मारा झाला तो उत्तरेकडच्या वस्त्यांवर आणि जुन्या शहरावर. वाचलेल्यांच्या फुप्फुसांचं जे झालं ते सगळं दमा नव्हे. काहींना बारीक नळ्यांवर कायमचे व्रण राहिले, काहींना एकदाच बसलेल्या जबर माऱ्यानंतर दम्यासारखी चिडखोर श्वासनलिका. वर्षानुवर्षं त्यांच्या हाती काय पडलं? स्टिरॉइडच्या, अँटिबायोटिकच्या, वेदनाशामक गोळ्या, तक्रार निघेल तशा.

सतीनाथ सारंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या या क्लिनिकने वाट बदलली. अॅलोपॅथीचे डॉक्टर, वैद्य, पंचकर्म आणि योग हे सगळं एका छपराखाली आणि मोफत. औषधी वनस्पतींची बागही तिथेच लावलेली. पैसा प्रामुख्याने सामान्य देणगीदारांचा. डॉमिनिक लापिएर यांनी भोपाळवरच्या आपल्या पुस्तकाच्या मानधनातून तिथल्या स्त्रीरोग विभागाला हात दिला. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते बाग किंवा पंचकर्म नाही. तिथे डॉक्टर आणि वैद्य शेजारी बसतात, त्यामुळे रुग्णाला एकाचं औषध दुसऱ्यापासून लपवावं लागत नाही. आमच्याकडे सर्वधर्म पुलापासून गोलजोडपर्यंत किती घरांत वैद्याचं चूर्ण छातीच्या डॉक्टरांना न सांगता चालू असतं! विचारलं तर उत्तर तयार असतं : डॉक्टर रागावतात.

डॉक्टरांनी रागावू नये, कारण आयुर्वेदाचं या आजाराचं निरीक्षण फार जुनं आणि नेमकं आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार आहेत; त्यांतला तमकश्वास म्हणजे आपला दमा. आडवं पडलं की वाढतो, बसलं की बरं वाटतं, ढगाळ आणि थंड हवेत बळावतो, हे सगळं तिथे आहे. तो जुनाट झाला की याप्य, म्हणजे सांभाळत राहायचा आजार, असंही तिथेच म्हटलंय. ‘मुळापासून बरा करतो’ असं भिंतीवर रंगवणाऱ्यांनी आपलाच ग्रंथ उघडून पाहावा. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनलं. धोतऱ्याची कथा आणखी गमतीची. त्याचा धूर ओढायचा इलाज एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून ब्रिटनला गेला, आणि पुढे युरोपात दम्याच्या सिगारेटी खपू लागल्या! धोतऱ्यातल्या अॅट्रोपिनला सुधारूनच आजचा इप्राट्रोपियमचा पंप तयार झालाय. वनस्पतीत गुण आहे म्हणजे ती धूर करून ओढावी असं मात्र होत नाही.

आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर वैद्याची पदवी पाहा आणि बाटलीवर घटक वाचा. मॅनिटजवळ पंडित खुशीलाल शर्मा शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे जाता येतं. नाव नसलेल्या पुडीने तीन दिवसांत धाप पळाली, भूक खवळली आणि महिन्याभरात चेहरा गोल झाला, तर पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. आणि ती एकदम बंद करू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता धूळ. कोलार गेस्ट हाउसपासून गोलजोडपर्यंतचा सुमारे 15 किलोमीटरचा रस्ता सहापदरी होत होता त्या दिवसांत आमच्या गॅलरीतल्या तुळशीची पानं करडी दिसत. तो रस्ता झाला, पण मोकळ्या प्लॉटांवर गाजर गवत माजलंय. हे तण देशात पहिल्यांदा नजरेत भरलं ते पुण्यात, 1955 च्या सुमारास. एप्रिलमध्ये गहू निघाला आणि मुगाची घाई झाली की आसपासच्या शेतांत नरवाई पेटते, धानानंतर पुन्हा. 2024 च्या धानाच्या हंगामात पराली जाळण्याच्या नोंदी पंजाबपेक्षा मध्य प्रदेशात जास्त झाल्या. त्या संध्याकाळी खिडक्या लावा आणि फिरायला जाऊ नका. आपल्या हातात तेवढंच आहे.

घराच्या आतला धूर मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. एका मच्छर अगरबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असं 2003 च्या अभ्यासात मोजलं गेलं. तिच्याऐवजी मच्छरदाणी लावा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वांत वाईट निघाली ती मुलांच्या हाती आपण निर्धास्त देतो ती नागगोळी. भोपाळी घरातला आणखी एक गुन्हेगार म्हणजे कूलर : गेल्या वर्षीचं बुरसटलेलं गवत तसंच ठेवून मे महिन्यात बटण दाबलं की बुरशी सगळ्या खोलीभर. गवत दर वर्षी बदला, टाकी दर आठवड्याला कोरडी करा. पावसाळ्यानंतर गाद्या उन्हात घाला, अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा.

खाण्याबद्दल थोडक्यात. केळं, दही, भात सरसकट बंद करायला आधार नाही. ज्याला एखाद्या पदार्थाने खरंच त्रास होतो त्याने तोच टाळावा. रात्री उशिरा भरपेट जेवून आडवं होऊ नका, आणि वजन जास्त असेल तर उतरवा. त्याचा फायदा होतो. ड जीवनसत्त्वाने झटके टळतात असं 2016 चा कॉक्रेन आढावा म्हणाला होता, 2023 च्या नव्या आढाव्यात तो फायदा दिसला नाही.

‘पंपाची सवय लागते’ म्हणून गोळी मागणाऱ्यांसाठी एक हिशेब : साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, एका 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट. आणि 2019 पासून ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या तात्पुरत्या पंपावर ठेवणंही नको म्हटलंय. सूज उतरवणारं औषध सोबत हवंच.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा पंप घेऊनही आराम टिकत नसेल, तर काढा उकळत बसू नका, गाडी काढा.

पुढच्या आठवड्यात पंप ओढायची रीत. 1999 साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर दाखवून दिलं होतं की 500 मिलिलिटरची साधी प्लॅस्टिकची बाटलीही महागड्या स्पेसरइतकंच काम करते. तेव्हा घरात एखादी रिकामी बाटली असेल तर धुऊन बाजूला ठेवा. बुडाला भोक कसं पाडायचं ते सांगतो.