तेल कमी, धूर जास्त

मॉडेल विमानामागे पांढरा धूर सोडायची हौस जुनीच. ती धड भागायला मात्र इंजिन बदलावं लागलं. धूर म्हणजे इथे काही जाळायचं नसतं. गरम सायलेन्सरमध्ये पातळ खनिज तेल सोडलं की त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब होऊन पट्टा उमटतो.

१९७०च्या दशकात बहुतेक मॉडेलं मेथॅनॉलवर उडत. त्या इंजिनांचा सायलेन्सर तसा थंडच, त्यामुळे धूर यथातथाच निघे. मग अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी चेनसॉच्या जातीची पेट्रोल इंजिनं मोठ्या मॉडेलांवर चढवली. क्वाड्रा आलं, पुढे जपानी झेनोआ, आणि हवी ती उष्णता मिळाली. लास व्हेगासची 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स' ही मॉडेल विमानांच्या कसरतींची स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि २००२ साली थांबली. तेवढ्या काळात तिथली विमानंही मेथॅनॉलवरून भल्यामोठ्या पेट्रोल इंजिनांवर गेली.

उष्णता मिळाली, पण तेल पोहोचवायचं कसं? आधी सायलेन्सरचाच दाब टाकीला देत. थ्रॉटल उतरला की दाब आणि तेल दोन्ही आटत. विजेवरच्या पंपाने याच्या नेमकं उलटं दुखणं आणलं. इंजिन मंदावलं तरी पंप तेल ओतत राही, सायलेन्सर निवे आणि शेपटीपर्यंत विमान तेलाने माखे. म्हणून रेडिओवर मिक्सिंग आलं: थ्रॉटल अर्ध्याखाली गेला की पंप बंद. मेथॅनॉलच्या सवयीने लावलेली सिलिकॉनची नळी या तेलात फुगून सटकते, हे शहाणपण तर प्रत्येक पिढी नव्याने शिकते! सगळ्यात सुरेख युक्ती सायलेन्सरच्या पोटात: तेलाची बारीक धातूची नळी आतच फिरवून आणायची, म्हणजे बाहेर पडण्याआधीच तेल तापतं. माझ्या मते महागड्या पंपापेक्षा या नळीचं श्रेय मोठं.

विजेवरच्या विमानांना सायलेन्सरच नाही, त्यामुळे त्यांची तऱ्हा वेगळी. पेट्रोलवाल्यांची रीत मात्र कायम आहे. धुराची टाकी गुरुत्वमध्याजवळ ठेवायची, कारण उडता उडता ती रिकामी होते. पंप अगदी कमीवर ठेवून थोडंथोडं वाढवत न्यायचं. धूर दाट व्हायचा थांबला की एक पाऊल मागे घेऊन तिथेच सोडायचं.