मालिकेच्या आदल्या रात्री

रेड डिअर नावाचे एक शहर आहे, कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात. नावाचा अर्थ तांबडे हरीण. हरीण काही मला दिसले नाही, दिसले ते मोटारींच्या खिडक्यांवर फडफडणारे झेंडे. काही तांबडे, काही निळे-नारिंगी. गोष्ट मे २०२२ मधली. करोनाने दोन वर्षे अडकवून ठेवल्यावर आम्ही उभयता लेकीकडे निघालो होतो. विमानतळावरून घरी येताना जावयांना विचारले, "निवडणुका आहेत की काय इथं?"

ते हसले. म्हणाले, "निवडणुका परवडल्या, बाबा. हे त्याहून मोठं आहे."

मोठे होतेच. आइस हॉकीतले दोन हाडवैरी, कॅल्गरीचा 'फ्लेम्स' आणि एडमंटनचा 'ऑइलर्स', बाद फेरीत समोरासमोर येणार होते आणि तेही तब्बल एकतीस वर्षांनी. याआधीची गाठ १९९१ सालची. सात सामन्यांची मालिका. जो आधी चार जिंकेल तो पुढे जाईल, दुसरा घरी बसेल. रेड डिअर या दोन शहरांच्या जवळजवळ मध्यावर. दोन्हींकडे दीड-दीड तासाचा रस्ता. त्यामुळे गावाचे सरळ दोन तट पडलेले. एवढेच काय, माझ्या लेकीच्या घराचेही पडलेले. जावई तांबड्या फ्लेम्सचे. नातू निळ्या ऑइलर्सचा. लेक कोणाचीच नाही, कारण दोघांना जेवायला तीच वाढते.

हे वैर खेळातून आलेले नाही, खेळात ते नंतर शिरले. १८८३ साली रेल्वे आली ती कॅल्गरीला. एडमंटनकर हात चोळत बसले. १९०५ साली आल्बर्टा प्रांत झाला तेव्हा राजधानी मिळाली एडमंटनला. पाठोपाठ विद्यापीठही तिकडेच गेले. आता कॅल्गरीकरांची पाळी. १९४७ साली एडमंटनजवळ लडूक येथे तेलाचा मोठा साठा लागला, पण तेल कंपन्यांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या कॅल्गरीत. दोन सख्ख्या भावांत वाटणी व्हावी आणि दोघांनाही आपल्यावर अन्याय झाला असे वाटत राहावे, तसा हा प्रकार. त्यात १९७९ साली ऑइलर्स राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये दाखल झाला आणि १९८० साली फ्लेम्स अमेरिकेतल्या अटलांटाहून बिऱ्हाड घेऊन कॅल्गरीला आला. भांडायला मैदान मिळाले.

मैदान कसले, बर्फाची फरशी. त्यावर एका वेळी गोलरक्षकासह दोन्हीकडचे सहा-सहा गडी, पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात काठ्या. चेंडूऐवजी कडक रबराची चकती. तिला म्हणतात पक. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. बाद फेरीत बरोबरी झाली तर जो पहिला गोल करील तो जिंकला. मग त्यासाठी मध्यरात्र उलटली तरी चालेल. सुरुवातीला मला तो पक दिसायचाच नाही. गोल झाला हे जावई किंवा नातू यांपैकी कोण उडी मारतो त्यावरून कळायचे.

मालिका १८ मे रोजी सुरू व्हायची होती. १७ तारखेच्या संध्याकाळी जावयांच्या तळघरात बैठक भरली. तिकडे मेमध्ये रात्री नऊ वाजेपर्यंत ऊन असते, तेव्हा संध्याकाळ म्हणणेही चूकच. आठ-दहा माणसे असतील. शेजारचे एक सत्तरी उलटलेले गोरे गृहस्थ, मूळचे एडमंटनचे. ट्रक चालवणारे एक सरदारजी, फ्लेम्सचे कडवे भक्त. इस्पितळात परिचारिका असलेली फिलिपिन्सची एक मुलगी, निळ्या सदऱ्यात. कोणी समोसे आणले होते, कोणी कोंबडीचे तळलेले पंख. लेकीने साबुदाणावडे केले होते आणि ते सर्वांत आधी संपले, हे अभिमानाने नमूद करतो.

मग सुरू झाली चर्चा. ही चर्चा मला परकी वाटली नाही. नोकरीत पाच वर्षे कोल्हापूरला काढली आहेत. पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा फुटबॉल सामना असला की आदल्या दिवशी आमच्या बँकेच्या काउंटरवर पासबुके कमी आणि मते जास्त भरली जायची. भाषा बदलली, खेळ बदलला, पण आदल्या दिवसाची हवा तीच.

सरदारजींनी सुरुवात केली. फ्लेम्सचे साखळीत १११ गुण, ऑइलर्सचे १०४. म्हणजे पहिले दोन सामने कॅल्गरीत, आणि सातवा झालाच तर तोही कॅल्गरीत. गोलरक्षक मार्कस्ट्रम, त्याने त्या हंगामात नऊ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. पुढच्या फळीतले तिघे, गॉड्रो, कचक आणि लिंडहोम. प्रत्येकाचे चाळीस किंवा अधिक गोल. आणि प्रशिक्षक डॅरिल सटर. वायकिंग नावाच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. ते सहा भाऊ या लीगमध्ये खेळले.

"आणि आमच्याकडे मॅकडेव्हिड आहे," परिचारिका म्हणाली आणि गप्प बसली. जणू तेवढे पुरे होते.

नातवाने मात्र आकडे काढले. तेरा वर्षांचा मुलगा, गणितात जेमतेम, पण इथे वकिलासारखा उभा राहिला. मॅकडेव्हिडचे १२३ गुण, लीगमध्ये पहिला. ड्राइसाइटलचे ५५ गोल. सरदारजी म्हणाले, "आणि तुमचा गोलरक्षक चाळीस वर्षांचा." खरेच होते. माइक स्मिथ चाळिशीचा, आणि गंमत म्हणजे पूर्वी फ्लेम्सकडूनच खेळलेला. नातू म्हणाला, "म्हणूनच त्याला तुमची गुपितं ठाऊक आहेत!" तळघर हसले. त्याचे वडीलही हसले, पण जरा उशिरा.

जावयांचा हा तांबडा रंग कुठून आला, ते मला त्या रात्री कळले. २००३ साली ते सांगलीहून कॅल्गरीला शिकायला गेले. पहिला हिवाळा, उणे तीसचे तापमान, ओळख कोणाची नाही. २००४च्या वसंतात फ्लेम्स अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि सगळे शहर सतराव्या ॲव्हेन्यूवर उतरले. जावईही गेले, एक स्वस्तातला तांबडा सदरा घेऊन. "त्या रात्री अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या, बाबा," ते म्हणाले. "तोवर आठ महिने मला कोणी हातसुद्धा लावला नव्हता." त्या वर्षी फ्लेम्स सातव्या सामन्यात हरला. सदरा मात्र राहिला.

सरदारजींचीही अशीच कथा. त्यांच्या आईला इंग्रजी येत नसे. २००८ साली हॉकीचे समालोचन पंजाबीतून सुरू झाले आणि आई शनिवारी रात्री पोरांच्या आधी दूरदर्शनसमोर बसू लागली. तो आवाज हरनारायण सिंग यांचा, आल्बर्टातल्याच ब्रुक्स गावी जन्मलेल्या मुलाचा. "आमच्या घरात तीन पिढ्या एकाच गोष्टीवरून भांडू लागल्या," सरदारजी म्हणाले. "त्याआधी आमच्याकडे भांडायलासुद्धा सामाईक विषय नव्हता."

शेजारचे वृद्ध गृहस्थ इतका वेळ ऐकत होते. कोणीतरी म्हणाले, "तुम्ही तर १९८६ पाहिलंय." आणि खोली शांत झाली.

ती हकीकत अशी. १९८४ आणि १९८५ साली ऑइलर्सने स्टॅन्ली करंडक जिंकलेला. वेन ग्रेट्स्की कर्णधार. १९८६ला तिसऱ्यांदा जिंकणार यात कोणाला शंका नव्हती. वाटेत कॅल्गरी आडवा आला. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. ३० एप्रिल, एडमंटनमध्ये, दोन-दोन अशी बरोबरी. शेवटचा डाव नुकताच सुरू झालेला. ऑइलर्सचा तरुण बचावपटू स्टीव्ह स्मिथ आपल्याच गोलाजवळून पक पुढे टाकायला गेला. पक आपल्याच गोलरक्षकाच्या, ग्रँट फ्यूरच्या, पायावर आदळून जाळ्यात गेला. कॅल्गरी तीन, एडमंटन दोन. तेच शेवटपर्यंत राहिले. स्मिथ बर्फावर पालथा पडून रडला. त्या दिवशी त्याचा तेविसावा वाढदिवस होता.

"मी तिथं होतो," वृद्ध गृहस्थ म्हणाले. "सतरा हजार माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल. घरी जाताना मी त्या पोराला फार शिव्या दिल्या. मोटारीत माझा लहान मुलगा होता. तो म्हणाला, बाबा, त्यानं मुद्दाम नाही केलं." ते थांबले. "पुढच्या वर्षी, १९८७ला, आम्ही करंडक जिंकला. तो पहिल्यांदा कर्णधाराच्या हातात देतात. ग्रेट्स्कीनं तो घेतला आणि सगळ्यांच्या आधी कोणाला दिला माहीत आहे? स्टीव्ह स्मिथला. आमच्या वतीनं माफी मागितल्यासारखं वाटलं मला."

वाचकहो, मी बर्फावर कधी उभा राहिलेलो नाही, पण स्वतःच्याच जाळ्यात पक घालण्याचा अनुभव मला आहे. १९८३ साल, मी नवा अधिकारी. एकाच नावाचे दोन खातेदार. एकाचे आठ हजार रुपये मी दुसऱ्याच्या खाती जमा केले आणि त्या दुसऱ्याने ते चार दिवसांत काढून घेतले. आठ हजार म्हणजे माझा सहा महिन्यांचा पगार. वसुलीला दीड वर्ष लागले. शाखेत माझ्याकडे कोणी बघेना, चहाला कोणी बोलावीना. तिसऱ्या आठवड्यात आमच्या व्यवस्थापकांनी मला आत बोलावले. मला वाटले, बदलीचा कागद. त्यांनी टेबलावर तिजोरीची एक किल्ली ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून ही तुमच्याकडे." दुसरे काही बोलले नाहीत. मीही कधी विचारले नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत पदोन्नती तीन मिळाल्या, पण मान मिळाला तो त्या किल्लीने.

हे मी तळघरात सांगितले, जावयांनी इंग्रजीत करून दिले. वृद्ध गृहस्थांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. नातू माझ्याकडे असा बघत होता की जणू आजोबांनाही एक १९८६ साल आहे हे त्याला पहिल्यांदाच कळले.

शेवटी चिठ्ठ्या. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात प्रत्येकाने आपला अंदाज लिहून टाकायचा. मी बँकेच्या सवयीने मागचे खाते तपासले, घरचे सामने मोजले आणि लिहिले, 'कॅल्गरी, सात सामने.' जावयांनी लिहिले, 'कॅल्गरी, सहा.' नातवाने, 'एडमंटन, सहा.' लेकीची चिठ्ठी नंतर निघाली: 'कोणीही जिंका, भांडी तुम्ही घासा.'

पहिला सामना कॅल्गरीने नऊ-सहा असा जिंकला. हॉकीत एवढे गोल म्हणजे एकदिवसीय सामन्यात दोन्ही बाजूंनी चारशे. जावई खुर्चीवर चढून नाचले. त्यानंतर एडमंटनने ओळीने चार सामने घेतले. २६ मे रोजी पाचवा चार-चार बरोबरीत, जादा वेळेत मॅकडेव्हिडचा गोल, आणि खलास. डब्यातली एकही चिठ्ठी खरी ठरली नाही. कर्जाचे प्रस्ताव तपासून आयुष्य घालवलेल्या माणसाला त्यात नवल वाटले नाही. कागदावर जे उत्तम दिसते ते बुडते, आणि ज्याला द्यायला हात थरथरतो तो पै-पै फेडतो.

पण चिठ्ठ्या खऱ्या ठरण्यासाठी नसतातच. मालिका सुरू झाली की एक बाजू हरणार हे ठरलेले. आदली रात्र एवढीच अशी असते की जिच्यात कोणी हरलेले नसते. त्या रात्री सांगलीचा मुलगा, पंजाबचा ट्रकवाला, मनिलाची परिचारिका आणि १९८६ची जखम वागवणारा म्हातारा एका डब्यात चिठ्ठ्या टाकतात. निकालाच्या नावाखाली माणसे आपापली कहाणी सांगून मोकळी होतात. शेवटच्या सामन्यानंतर खेळाडू ओळीने उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात, ती त्या खेळाची जुनी रीत आहे. प्रेक्षकांचे हस्तांदोलन मात्र आधीच झालेले असते.

पुढे बरेच काही घडले. त्याच उन्हाळ्यात कचक फ्लोरिडाला गेला आणि २०२४ व २०२५ अशी दोन्ही वर्षे त्याच्या संघाने अंतिम फेरीत ऑइलर्सलाच हरवून करंडक नेला. तेव्हा जावयांचा फोन आला, आवाजात न लपणारा आनंद. पाठून नातवाचा दार आपटल्याचा आवाज.

मधला एक फोन मात्र वेगळा होता. जॉनी गॉड्रोही २०२२च्या उन्हाळ्यातच कॅल्गरी सोडून कोलंबसला गेला होता. अंगाने लहान म्हणून निवडीत मागे पडलेला आणि तरीही कॅल्गरीचा लाडका झालेला खेळाडू. २९ ऑगस्ट २०२४च्या रात्री बहिणीच्या लग्नासाठी गावी आलेला असताना सायकलवरून जाताना मोटारीच्या धडकेने तो गेला, बरोबर धाकटा भाऊ मॅथ्यूही. दुसऱ्या दिवशी कॅल्गरीत स्टेडियमच्या पायऱ्यांवर फुले आणि हॉकीच्या काठ्या जमू लागल्या. मी लेकीला फोन केला.

"तुझा नवरा कसा आहे?"

"तळघरात बसलाय. बोलत नाही फारसा."

"आणि पोरगा?"

"तोही खालीच आहे. त्यानंच तो जुना सामना लावलाय, बाबा. बावीस सालचा, पहिला."

म्हणजे नऊ-सहाचा. नातवाचा संघ हरला होता तो.